देवळातून काय काय काढता येईल?

भिंती काढल्या तर देऊळ उरेल का? छप्पर काढले तर? कोरीव काम, खांब, सभामंडप, रंग असे एकेक उतरवत गेले, तर नेमक्या कोणत्या टप्प्यावर भाविकाचे हात जोडले जाणार नाहीत?

प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. पण महाराष्ट्रातल्या वडेश्वर येथे शंकराचे एक छोटे देऊळ बांधायचे ठरले, तेव्हा तो रोजच्या व्यवहाराचा होता. हाताशी पैसा अगदी थोडा होता. मजुरीचा बराचसा भार गावकरी श्रमदानाने उचलणार होते. दगडाची खाण देवळाच्या जागेपासून २०० मीटरच्या आत होती, म्हणून दगड तिथलाच वापरायचा हे उघड होते. मुंबईचे आर्किटेक्ट समीप पडोरा आणि त्यांची ‘एसपी प्लस ए’ ही संस्था यांनी पुजारी आणि आसपासच्या गावांतली माणसे यांच्याशी बोलत या देवळाचा आराखडा केला. २०१० मध्ये देऊळ उभे राहिले. एवढ्याशा पैशात काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवताना देवळाचा जीव कुठे असतो याचाही निर्णय करावा लागला, आणि तो कागदावर नव्हे, दगडात करावा लागला.

लांबून पाहिले तर आकृती ओळखीची आहे. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले काळ्या दगडाचे शिखर. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही ‘हे महादेवाचे देऊळ’ असे सांगावे लागणार नाही. जवळ गेले की त्या शिखरावर डोळा जे शोधतो ते सापडत नाही. पट्ट्यांमागून पट्टे चढत जाणारी शिल्पे नाहीत, वेलबुट्टी नाही. पूजेला जी चिन्हे लागतात तेवढीच ठेवली आहेत. बाकी सगळे काम बेसाल्टच्या पृष्ठभागावर सोपवले आहे, आणि हा दगड असा की नवा लावला तरी जुना दिसतो. सह्याद्री ज्या लाव्हारसाच्या थरांतून घडला तो साडेसहा कोटी वर्षांमागचा. त्या खडकाचे वय देवळाला आयते मिळाले.

सभामंडप मात्र पूर्णपणे गेला आहे. जागेच्या कडेने दाट झाडी आहे आणि तीच या मंडपाची भिंत. छत आकाशाचे. उत्सवाला सगळे गाव जमले तरी मावते. एरवी झाडांच्या आड ज्या छोट्या मोकळ्या जागा राखल्या आहेत, तिथे एखादा माणूस एकटाच डोळे मिटून बसू शकतो. भजनाची गर्दी आणि एकट्याची प्रार्थना या भक्तीच्या दोन्ही तऱ्हांना एकाच आवारात जागा आहे.

कोणी म्हणेल, ही आधुनिक माणसाची साधेपणाची हौस आहे. पण देवळाचा इतिहास पाहिला तर वगळणे हे काही आजचे नाही. सांचीच्या टेकडीवर स्तूपाजवळ पाचव्या शतकातले एक लहान मंदिर उभे आहे. अभ्यासक त्याला मंदिर क्रमांक १७ म्हणतात. एक चौकोनी गर्भगृह, पुढे चार खांबांची ओसरी, वर सपाट छप्पर, एवढेच. ज्या शिखराशिवाय आज आपल्याला देऊळ सुचतच नाही, ते शिखर तिथे नाही. ते पुढे आले, वाढले, प्रांताप्रांतात वेगळे झाले. महाराष्ट्रात ज्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते, त्यांतली कितीतरी यादवांचा मंत्री हेमाद्री जन्मण्याच्या आधीची आहेत. रूपे बदलत गेली आणि लोकांनी त्यांना आपलीशी नावे दिली.

देवरायांत तर रूप जवळजवळ नसतेच. सह्याद्रीच्या कडेने गावोगावी झाडांचे राखलेले तुकडे आहेत. तिथे शेंदूर लावलेला तांदळा किंवा झिजलेली मूर्ती कित्येकदा उघड्यावरच असते. देवाला डोक्यावर छप्पर चालत नाही, अशी समजूत काही गावांत आजही आहे. त्या रानातली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नेम म्हणजेच तिथली भिंत. वडेश्वरच्या मंडपाला झाडांच्या भिंती मिळाल्या. तेव्हा त्याची मुळे परदेशी नियतकालिकांतल्या छायाचित्रांपेक्षा अशा देवरायांत शोधणे अधिक योग्य आहे.

तरीही सगळेच काढता येत नाही, आणि इथे विचार खरा सुरू होतो.

शंकराच्या देवळात भाविक डोक्याने कमी आणि पायांनी अधिक जाणता असतो. नंदीच्या शिंगांमधून पिंडीकडे पाहायचे, कासवाला नमस्कार करायचा, उंबरा ओलांडताना वाकायचे. पिंडीवर गळतीतून थेंब थेंब पाणी पडत असते. ते शाळुंकेवरून वाहत पन्हळीने बाहेर जाते. हे पाणी ओलांडायचे नाही, म्हणून प्रदक्षिणा पुरी न करता तिथवर जाऊन मागे फिरायचे. हा नियम कोणी फलकावर लिहून लावत नाही. लहान मूल आजीच्या पदराला धरून एकदा गेले की त्याच्या पायांत तो उतरतो. म्हणजे पाण्याची वाट कुठून जाते यावर माणसाची वाट ठरते, आणि माणसाच्या वाटेवर भिंती ठरतात. पडोरा यांनी परंपरेने ठरलेली ही मांडणी तशीच ठेवली आणि सजावटीला हात घातला. डोळ्यांसाठी जे होते ते कमी केले, पायांसाठी जे होते ते राखले. या देवळातला सर्वांत नेमका निर्णय हाच आहे. खांब नसले तर देव कमी होत नाही. पण प्रदक्षिणेची वाट चुकली, तर गुळगुळीत संगमरवर लावूनही भाविकाला तिथे घरचे वाटणार नाही.

एका ठिकाणी मात्र परंपरेशी थेट बोलणी करावी लागली. शिखरावरचा कळस अष्टधातूचा ओतलेला आहे, पण तो दगडावर न बसवता काचेच्या आधारावर उचलून धरला आहे. त्या काचेतून उजेड गर्भगृहात उतरतो. आता गर्भगृह म्हटले की अंधार आठवतो. समईच्या किंवा नंदादीपाच्या प्रकाशात हळूहळू आकार घेणारी पिंड, ओला दगड, बेलाचा वास. तो अंधार काही बांधकामाच्या अडचणीतून उरलेला नाही. बाहेरच्या उन्हातून आत येताना डोळ्यांना जो क्षणभर काही दिसत नाही, तेवढ्यात बाहेरचे जग मागे पडते. दर्शनाचा अर्धा अनुभव त्या न दिसण्यात आहे. मग वरून उजेड आणणे हे त्या अनुभवावर आक्रमण नाही का?

आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर मुंबईजवळ अंबरनाथच्या शंकराच्या देवळात मिळते. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ आहे. मंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते, आणि वर शिखर पूर्ण नसल्याने तिथे आकाश दिसते. उजेड येतो, पाऊस येतो. महाशिवरात्रीला तिथे केवढी रांग लागते हे ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको. अंधार गेला म्हणून त्या पिंडीवरची श्रद्धा उणावली नाही. अंबरनाथचा उजेड अपूर्णतेतून आला, वडेश्वरचा योजून आणलेला आहे, हा फरक राहतोच. पण वरून पडणारा थोडा उजेड आणि चहूकडून येणारा लख्ख प्रकाश यांत अंतर आहे. जाड दगडी भिंतींच्या आत एकाच ठिकाणाहून उतरणारा उजेड अंधाराला घालवत नाही, त्याची खोली दाखवतो.

या साधेपणावर दुसरा आक्षेप गावातूनच येऊ शकतो, आणि शहरी वाचक तो सहसा ऐकून घेत नाही. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या शेकडो गावांनी वर्गणी काढून देवळे बांधली किंवा जुन्यांचा जीर्णोद्धार केला. सिमेंटचे उंच शिखर, त्यावर निळ्या-गुलाबी रंगांतले देव, फरशीला चकचकीत टाइल्स, कमानीवर दात्यांची नावे. जुन्या दगडी देवळांवर ऑइलपेंट चढला, तेव्हा इतिहासाचे अभ्यासक हळहळले, आणि ती हळहळ रास्त आहे, कारण त्या रंगाखाली शिलालेख आणि टाकीच्या खुणा गाडल्या गेल्या. पण रंग लावणाऱ्याच्या मनात काय होते? घरात दोन पैसे आले, आपल्याकडे पक्के छप्पर आले, मग देव जुनाट खोलीत का राहावा, हा त्याचा विचार होता. देवीला चांगले लुगडे नेसवावे तसा त्याने देवळाला रंग दिला. त्या भावनेला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. उलट, उघड्या काळ्या दगडातच खरी भक्ती आणि रंगीत सिमेंटमध्ये नाही, असे मानणे हाही एक प्रकारचा सोवळेपणाच झाला.

म्हणून वडेश्वरच्या देवळाचे मोल त्याच्या साधेपणात शोधू नये. तो साधेपणा कोणाशी बोलून आला आणि कोणाच्या हातांनी उभा राहिला, यात शोधावे.

हातांचा हा प्रश्न मराठी मुलखात फार जुना आणि फार जड आहे. चोखोबांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यातला बांधकामाचा धागा सहसा कोणी उचलत नाही. ज्याला विठ्ठलाच्या देवळाचा उंबरा ओलांडू दिला नाही, तो संत मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेला. परंपरा ते साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८, सांगते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचल्या, असे म्हणतात, आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. समोरच नामदेवांची पायरी आहे. भिंत बांधायला चोखोबा चालत होते, पण देवळाच्या भिंतीआड जायला चालत नव्हते. देवळाच्या पावित्र्याविषयी जे काही बोलायचे ते या एका गोष्टीसमोर उभे राहून बोलावे लागते. भारतातल्या थोर मंदिरांचे दगड ज्यांनी फोडले, वाहिले, चढवले, त्यांतल्या किती जणांना प्राणप्रतिष्ठेनंतर आत जाता आले?

पंढरपूरचा दरवाजा सगळ्यांना उघडावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. त्याच्या सतरा वर्षे आधी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे दारापर्यंत गेली आणि दार बंद राहिले. गाडगेबाबांनी वेगळी वाट काढली. ते देवळे बांधण्याच्या फंदात पडले नाहीत. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि पंढरपुरातल्या एका धर्मशाळेला चोखामेळ्याचेच नाव दिले.

या पार्श्वभूमीवर श्रमदानाकडे पाहिले की ते पैसे वाचवण्याचा मार्ग एवढेच राहत नाही. ज्याने दगड लावला, तोच आत जाऊन पाणी घालणार आहे. बांधणारा आणि पूजणारा एकच आहे. देवळाच्या दीर्घ इतिहासात ही साधी गोष्ट सहज घडलेली नाही.

आत जाण्याचा हाच प्रश्न ‘एसपी प्लस ए’ समोर पुन्हा आला, आणि या वेळी त्यात देवच नव्हता. साखरवाडीला, साखर कारखान्याच्या सहभागातून, आंबेडकरी बौद्ध समाजासाठी एक केंद्र उभारायचे होते. ध्यान, धम्माचा अभ्यास आणि जोडीला हाताला काम देणारे प्रशिक्षण असा त्याचा हेतू. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या या केंद्राचे नाव ‘जेतवन’.

मूळ जेतवन श्रावस्तीचे. अनाथपिंडिक या व्यापाऱ्याला बुद्धासाठी जेत राजकुमाराची बाग हवी होती. राजकुमाराने किंमत सांगितली ती अशी की सगळी जमीन नाण्यांनी झाकून दाखव. व्यापाऱ्याने गाड्या भरून नाणी आणली आणि पसरायला सुरुवात केली. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर हा प्रसंग कोरलेला आहे. बैलगाडी सोडलेली, माणसे चौकोनी नाणी मांडताहेत, मधे झाडे उभी. ह्युएनत्संगाने नोंदवलेल्या परंपरेत एक सुंदर तपशील आहे: जमीन व्यापाऱ्याने विकत घेतली, पण झाडे राजकुमाराने दान दिली. जमिनीला किंमत लावता आली. झाडे मात्र दानच राहिली.

साखरवाडीची जागाही दाट झाडीची होती. आर्किटेक्टांनी आधी झाडे मोजून नकाशावर मांडली आणि झाडांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधल्या. त्या जागांत सहा स्वतंत्र इमारती बसवल्या. एकही झाड तोडले नाही. छपरे उलटी केली आहेत. सर्वसाधारण छप्पर मध्ये उंच आणि कडेला खाली असते. इथे ते मध्ये खाली आणि कडेला वर आहे. त्यामुळे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाची नजर पागोळीशी अडत नाही, ती झाडांच्या शेंड्यापर्यंत जाते. ध्यानाला बसलेल्याने डोळे उघडले तर समोर मूर्तीऐवजी पाने दिसतात. बुद्धाच्या विचाराला शोभणारी ही रचना आहे, कारण त्या विचारात शरण जाण्यासाठी कोणी सृष्टिकर्ता नाही. पाहणे आहे, जे जसे आहे तसे.

भिंतींसाठी जवळच्या खाणींतला बेसाल्टचा चुरा आणि कारखान्याची राख यांचे मिश्रण साच्यात ठोकून घट्ट केले आहे. छपराखालचे लाकूड मोडीत निघालेल्या जहाजांचे. त्यावर ऊन अडवायला मातीचे गुंडाळलेले थर, आणि वर पाडलेल्या घरांची जुनी कौले. हे कसब भूजच्या ‘हुन्नरशाला’ या संस्थेने आणले. कच्छच्या भूकंपानंतर कारागिरांबरोबर काम करत ती संस्था वाढली आहे. जमीन शेणामातीने सारवलेली.

शेणामातीच्या त्या जमिनीपाशी थांबायला हवे. पर्यावरणाच्या भाषेत ती कौतुकाची आहे: थंड, स्वस्त, दुरुस्त करायला सोपी. पण बाबासाहेबांनी खेड्याकडे कौतुकाने पाहिले नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली होती. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागले, मेलेली जनावरे ओढावी लागली, त्यांच्या नातवंडांना शहर म्हणजे सुटका वाटली तर नवल नाही. त्या समाजाला विटा-सिमेंट, ग्रॅनाइट, लिफ्ट हे सन्मानाचे साहित्य वाटते. नागपूरची दीक्षाभूमी पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे लाखो माणसांनी धम्म स्वीकारला, तिथे वास्तुविशारद शिवदान मल यांनी रचलेला भव्य स्तूप आहे, ढोलपुरी दगड, संगमरवर आणि ग्रॅनाइटचा. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

आणि हा स्तूप पोकळ आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्याभोवती फिरता येते, आत जाता येत नाही, कारण आत जाण्यासारखी जागाच नाही. नागपूरला मात्र प्रचंड घुमटाखाली हजारो माणसे एका वेळी मावतात. ज्यांना शतकानुशतके दारात अडवले, त्यांच्या स्तूपाला आतली जागा हवी होती. अडीच हजार वर्षांच्या आकृतीत केलेला हा बदल गेल्या शतकातला वास्तुकलेचा एक फार मोठा धार्मिक निर्णय आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

मग साखरवाडीची माती त्या सन्मानाच्या आड येते का? वरवर तसे वाटू शकते. पण भिंतीतली राख कारखान्याची आहे, लाकूड समुद्रावरून आलेले आहे. जुन्या खेड्याची प्रतिकृती तिथे केलेली नाही. टाकून दिलेल्या वस्तूंना मानाची जागा दिली आहे, आणि ज्यांना समाजाने टाकून दिले होते त्यांच्या केंद्रात हे घडणे अर्थहीन नाही. तरीही सारवणाचा प्रश्न उरतोच. ते दर काही दिवसांनी करावे लागते, आणि आजवर ते बहुतेक बायकांच्याच वाट्याला आले आहे. वास्तू कितीही सुंदर असो, ती राखण्याचे कष्ट कोणाच्या अंगावर पडतात हे विचारणे बुद्धाच्या करुणेपासून वेगळे नाही. या केंद्राचे खरे यश त्या उत्तरावर मोजले पाहिजे.

या संस्थेची इतर कामेही याच वळणाची आहेत. कोपरगावच्या शाळेसाठी २०१८ मध्ये बांधलेल्या माया सोमय्या ग्रंथालयाचे विटांचे पातळ, लाटेसारखे छत जमिनीपासून उठते आणि मुले त्यावर चढून बसतात. पण धर्माच्या प्रश्नाला पुन्हा हात घातला तो आंध्र प्रदेशात नंद्याळजवळच्या बालाजीच्या देवळाने.

कापूस आणि मिरचीच्या शेतांमधली ती जागा कोरडी होती. देऊळ आसपासच्या गावांसाठी, पैसा एका सिमेंट कंपनीचा. आदर्श तिरुमलाचा. तिथे भाविक स्वामी पुष्करिणीत स्नान करतो, आधी वराहस्वामींचे दर्शन घेतो, मग वेंकटेशाचे. हा क्रम मोडायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले. म्हणजे पुष्करिणी हवी, आणि जमिनीत पाणी नाही.

उत्तर असे काढले: बाहेरचे वाहून जाणारे पाणी वनस्पतींच्या चाळणीतून गाळून कुंडात आणायचे आणि कुंडातून जमिनीत मुरवायचे. कुंडाच्या पायऱ्या तिथल्याच काळ्या चुनखडीच्या लाद्यांच्या. त्याच पायऱ्या पुढे देवळाच्या अंगावर चढतात, आत आत सरकत शिखर होतात. घाट आणि शिखर यांच्यात कुठेही तुटक रेषा नाही. पायऱ्यांच्या मधे माती भरून झाडे लावली आहेत, त्यामुळे आतले गर्भगृह थंड राहते. पूर्वी देवळाच्या तळ्यावर सगळे गाव तहान भागवायचे, कपडे धुवायचे, निवाडे करायचे. पुढे तळी बुजली, देऊळ तेवढे उरले. इथे दोन्ही पुन्हा जोडले गेले.

पैसा कंपनीचा आहे, याची अडचण वाटू शकते. वाटावी. पण देवळांना आणि लेण्यांना राजे, व्यापारी, श्रेणी यांनीच पैसा दिला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे लेख खांबाखांबांवर आहेत, दूर गावांहून आलेल्या यवनांचेही. त्यांतच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचाही लेख आहे, दाराचे काम त्याने केले म्हणून. पैसे देणाऱ्याबरोबर हात लावणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. ही रीत आजच्या कंपन्यांनी आणि आर्किटेक्टांनीही उचलावी. वडेश्वरला दगड कोणी वाहिले, नंद्याळला लाद्या कोणी बसवल्या, त्यांची नावे तिथल्या भिंतीवर असायला हरकत काय?

वडेश्वरच्या देवळापुढे आता एक कसोटी कधी ना कधी येईलच. पावसात भजन करायला छप्पर हवे, लग्नाच्या पंगतीला सावली हवी, अशी मागणी कोणत्याही गावात होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक देवळांपुढे मग पत्र्याचा सभामंडप येतो आणि त्यावर आमदार निधीचा फलक लागतो. तसे झाले तर झाडांच्या भिंतीचा तो मंडप जाईल, आणि वास्तुकलेच्या पुस्तकांतली छायाचित्रे खोटी ठरतील. गावाला तसे करण्याचा पूर्ण हक्क आहे, कारण दगड त्यांनीच लावले आहेत. आर्किटेक्टने त्या वेळी करण्यासारखे एकच काम आहे: पुन्हा गावात जाऊन पुजाऱ्याबरोबर आणि लोकांबरोबर बसावे, छप्पर कशासाठी आणि किती दिवसांसाठी हवे ते ऐकावे, आणि झाडे राखून ते कसे करता येईल याचा नवा आराखडा काढावा.